दोन घरं, एक स्पीकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात कोथरूडला दोन खोल्यांचा फ्लॅट आणि गुहागर तालुक्यात चिऱ्याचं कौलारू घर, असा आमचा संसार वाटला गेलाय. कुंभार्ली घाट उतरून वर्षाला सात-आठ फेऱ्या होतात आणि दर फेरीला सामानात एक वायरलेस स्पीकर असतोच. नात्यात आणि ओळखीत असे दोन घरांचे मालक बरेच आहेत. कुणाचं ठाणे-वाई, कुणाचं मुंबई-मालवण. फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

प्रश्न: दोन्ही घरांसाठी एकच स्पीकर पुरेल, की दोन घ्यावेत?

दुसऱ्या घरी एरवी कोण असतं, ते आधी बघा. तुम्हीच जाता, तुम्हीच कुलूप लावून परत येता, तर एकच घ्या आणि दोनाच्या पैशात जरा बरा घ्या. मी आधी उलटं केलं होतं. गावच्या घरासाठी म्हणून एक स्वस्तातला वेगळा घेतला. तो वर्षातले दहा महिने बंद घरात नुसता पडून असायचा. दुसऱ्याच वर्षी त्याची बॅटरी पंधरा मिनिटांवर आली.

पण आई-बाबा गावीच राहत असतील तर हिशेब बदलतो. तुम्ही परत निघालात आणि स्पीकर पिशवीत गेला की त्यांचं घर मुकं होतं. तिथे त्यांचा स्वतःचा हवाच, आणि तो कसा असावा ते खाली वेगळं लिहिलंय.

प्रश्न: ब्लूटूथचा घ्यावा की वायफायचा?

न्यायचा-आणायचा असेल तर ब्लूटूथचा. त्याला घर कुठलं याच्याशी घेणंदेणं नसतं. फोन जवळ आला की झालं. वायफायच्या स्पीकरचे फायदे आहेत, म्हणजे फोन आला तरी गाणं थांबत नाही आणि फोन घेऊन तुम्ही परसात गेलात तरी आवाज तुटत नाही. पण तो राउटरशी लग्न लावून बसलेला असतो. दुसऱ्या घरी नेला की पुन्हा सगळी बोलणी. दोन्ही सोयी असलेला मिळाला आणि परवडला तर उत्तमच. मात्र तो बॅटरीवर चालतो ना, ते आधी बघून घ्या. बोलून चालणारे बरेच स्मार्ट स्पीकर दिसायला छोटे असतात, पण त्यांना सतत प्लग लागतो.

प्रश्न: आमच्याकडे वायफायचाच आहे. दर वेळी नव्याने जोडावा लागतो, काही उपाय?

आहे, आणि फुकटातला आहे. दोन्ही घरांच्या राउटरला एकच नाव आणि एकच पासवर्ड द्या. लहान-मोठी अक्षरं, मधली मोकळी जागा, सगळं जसंच्या तसं. राउटरच्या सेटिंगमध्ये सुरक्षेचा प्रकार असतो (डब्ल्यूपीए-२ वगैरे), तोही दोन्हीकडे सारखा ठेवा. स्पीकरला वाटतं आपण हललोच नाही.

गावी राउटरच नसेल तर फोनच्या हॉटस्पॉटला तेच नाव-पासवर्ड द्या. काही स्पीकर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतात. आयफोनवर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी' चालू केलं की फोन त्या पट्ट्यावर येतो.

याची एक गंमत होते. बोलणाऱ्या स्पीकरला ॲपमध्ये जो पत्ता दिलाय तोच तो धरून बसतो. आमच्याकडे ओटीवरून पागोळ्या गळत होत्या आणि स्पीकर सांगत होता, आज पावसाची शक्यता कमी. तो बिचारा कोथरूडचं सांगत होता. गावी गेल्यावर ॲपमध्ये पत्ता बदलावा, नाहीतर हवामान त्याला विचारूच नये.

प्रश्न: गावच्या घरी रेंज येत नाही. मग वाजवायचं काय?

ब्लूटूथला इंटरनेट लागत नाही, फोनमध्ये गाणी असली की पुरे. गाण्यांच्या ॲपमध्ये डाउनलोड करून ठेवायची सोय असते, पण ती पैसे भरून घेतलेल्या योजनेतच बहुतेक मिळते. आणि ती गाणी कायमची तुमची होत नाहीत. स्पॉटिफाय ३० दिवसांत एकदा तरी ऑनलाइन यायला सांगतं, नाहीतर डाउनलोड जातात. निघायच्या आदल्या रात्री ॲप एकदा उघडून बघा. चिपळूण सोडल्यावर आठवून उपयोग नाही.

माझा भरवसा पेनड्राइव्हवर. स्पीकरला यूएसबीचं किंवा मेमरी कार्डाचं तोंड असेल तर फोनचीही गरज नाही. पेनड्राइव्ह ओळखला जात नसेल तर बहुतेक वेळा तो एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो, फॅट-३२ करा. (आधी आतलं दुसरीकडे काढून घ्या, फॉरमॅट केल्यावर सगळं पुसतं.)

प्रश्न: माजघरातून ओटीवर गेलं की आवाज तुटायला लागतो. स्पीकर बिघडलाय का?

नाही, भिंत आडवी येते. अशा स्पीकरच्या ब्लूटूथचा पल्ला मोकळ्या जागेत साधारण १० मीटर धरतात, पण तो भिंतीविना. फ्लॅटमधली चार-सहा इंचांची भिंत ब्लूटूथ कसाबसा ओलांडतो. जांभ्या चिऱ्याची दीड फुटी भिंत वेगळी गोष्ट आहे, आणि पावसाळ्यात ती ओल धरते तेव्हा आणखीच. या लहरींना पाणी सोसत नाही. म्हणूनच फोन मागच्या खिशात ठेवून स्पीकरकडे तोंड केलंत तरी आवाज अडखळतो, कारण मध्ये तुम्ही स्वतः असता.

फोन खिडकीत किंवा दाराच्या रेषेत ठेवा. स्पीकर हलवण्यापेक्षा फोन हलवणं सोपं.

प्रश्न: गणपतीला सगळे जमले की स्पीकर भलत्याच फोनला जोडला जातो.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि दर वेळी दोष स्पीकरला मिळतो. स्पीकर आधी जोडलेले फोन लक्षात ठेवतो आणि चालू झाला की त्यातला एखादा स्वतःहून शोधतो. गेल्या वर्षी चुलतभावाने दोन गाणी लावली होती. या वर्षी त्याची गाडी अंगणात शिरायचा अवकाश, स्पीकर त्याच्या फोनला जाऊन चिकटतो. तुम्ही आत बटणं दाबत बसता आणि त्याला पत्ताही नसतो.

उपाय दोन. ज्याच्या फोनला जोडला गेलाय त्याला ब्लूटूथ बंद करायला सांगा. कोण ते कळत नसेल तर स्पीकरची स्मरणशक्तीच पुसा. ब्लूटूथचं बटण, किंवा आवाज वाढवायचं आणि गाणं चालू करायचं अशी दोन बटणं एकदम, काही सेकंद दाबून धरावी लागतात. नेमकी कुठली ते कंपनीप्रमाणे बदलतं, माहितीपत्रकात असतं. त्या माहितीपत्रकाचा फोटो आजच फोनमध्ये काढून ठेवा, कारण कागद नेहमी दुसऱ्या घरी असतो.

काही स्पीकर एका वेळी दोन फोन धरतात. दोघेच असताना ही सोय छान. पंधरा माणसांत ती भांडणाचं मूळ आहे, बंद करा.

प्रश्न: फोन आला की अख्ख्या घराला ऐकू येतो. हे टाळता येईल?

येईल. माझ्या एका नातेवाइकाचं जागेच्या व्यवहाराचं बोलणं अशाच एका दुपारी पडवीत बसलेल्या सगळ्यांनी ऐकलंय, रकमेसकट. अँड्रॉइड फोनमध्ये ब्लूटूथच्या यादीत स्पीकरच्या नावापुढच्या चाकावर दाबा. तिथे 'फोन कॉल' आणि 'मीडिया' अशा दोन कळा दिसतात. कॉलची बंद करा, मीडियाची राहू द्या. आयफोनवर फोन घेताना आवाज कुठे न्यायचा ते निवडावं लागतं.

प्रश्न: घर चार महिने बंद असतं. स्पीकर तिथे ठेवला तर चालेल का?

शक्यतो ठेवू नका. ठेवायचाच असेल तर पूर्ण भरलेला नको आणि पूर्ण रिकामाही नको. आतली लिथियमची बॅटरी निम्म्याच्या आसपास भरलेली असताना सगळ्यात सुखात राहते. पाच दिवे असतील तर दोन-तीन पेटतील इतपत. पूर्ण भरून उकाड्यात ठेवली तर लवकर म्हातारी होते. रिकामी ठेवली तर हळूहळू आणखी उतरत जाते आणि एका पातळीखाली गेली की आतलं संरक्षणाचं सर्किट तिला बंद करून टाकतं. मग चार्जर लावूनही ढिम्म. कौलांच्या खालचा पोटमाळा हा एप्रिल-मे महिन्यात तापता तवा असतो, तिथे तर नकोच. खालच्या खोलीत, जमिनीजवळच्या कपाटात ठेवा.

आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. एका वर्षी गणपतीला घर उघडलं, तर देवळीत ठेवलेल्या जुन्या स्पीकरच्या मागच्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. टाचणीने खरवडलं तेव्हा सुक्या मातीबरोबर वाळलेले कोळी बाहेर आले; पिल्लांची शिदोरी ती. चार्जिंगच्या तोंडात मुंग्या शिरतात, जाळीवर बुरशी धरते. बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून देऊ नका, डब्यात दोन-तीन ठेवल्या की ओल कमी होते.

बाहेरचं प्लास्टिक फुगलेलं किंवा सांधा उघडलेला दिसला तर चार्जिंगला लावून बघायचा मोह आवरा. बॅटरी फुगलीय. भंगारवाल्याला नको, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

प्रश्न: आमचा वॉटरप्रूफ आहे. पावसात आणि समुद्रावर चालेल ना?

खोक्यावर आयपी ६७ लिहिलंय का बघा. ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं तगतो. आयपीएक्स ४ असेल तर फक्त शिंतोडे. पण ही चाचणी गोड्या पाण्यात, कोऱ्या मालावर होते. गुहागरच्या किनाऱ्यावरचं खारं पाणी धातूची तोंडं खातं आणि वाळू जाळीत बसते. समुद्रावरून आल्यावर साध्या पाण्याखाली धरा, पुसा, रात्रभर वाळू द्या आणि मगच चार्जिंगला लावा. ओल्या तोंडात केबल घालणं हे पाण्यात पडण्यापेक्षा वाईट. चार वर्षांनी रबरी झाकण सैल झालं की वॉटरप्रूफ हा शब्द विसरून जावा.

प्रश्न: चार्जर नेमका दुसऱ्या घरी राहतो.

सगळ्यांचाच राहतो. चार्जर आणि केबल दोन्ही घरी एकेक, कायमची. सामानात फक्त स्पीकर.

यात एक मेख आहे. काही स्वस्त स्पीकर दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर चार्जच होत नाहीत. फोनचा नवा चार्जर लावला, दिवा लागला नाही, म्हणजे स्पीकर मेला असं आमच्या मावशीने ठरवूनही टाकलं होतं. असल्या स्पीकरच्या तोंडात दोन बारीक रेझिस्टर बसवायचे वाचवलेले असतात. ते नसले की टाइप-सी चार्जरला पलीकडे कुणी आहे हेच कळत नाही आणि तो वीज सोडत नाही. जुनी केबल, म्हणजे एका टोकाला चपटं मोठं यूएसबी आणि दुसऱ्याला टाइप-सी, आणि जुना साधा चार्जर लावला की चालतो. गावच्या घरी तीच ठेवा.

प्रश्न: गावी लाईट जाते तेव्हा?

तेव्हाच तर त्याचा खरा उपयोग. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे ३.७ व्होल्टने गुणलं की साधारण १८.५ वॉट-तास, घरातला ९ वॉटचा एलईडी बल्ब दोन तास जाळाल तेवढीच वीज. इन्व्हर्टरला हे काहीच नाही, गाडीच्या चार्जरवरही भरून होतं. फक्त खोक्यावरच्या '२० तास' या आकड्यावर जाऊ नका, तो मध्यम आवाजाचा असतो. अंगणात पूर्ण आवाजात वाजवलात तर निम्मेही मिळायचे नाहीत.

प्रश्न: पुण्यात दणदणीत वाजणारा स्पीकर गावी फुसका का वाटतो?

कारण पुण्यात निम्मं काम खोली करते. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये सिमेंटच्या भिंती आणि स्लॅब आवाज परत फेकतात. गावी कौलं, वाशांमधल्या फटी, उघडी पडवी. आवाज जातो तो जातो. अंगणात तर परत पाठवायला कुणीच नसतं. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी.

आवाज वाढवण्याआधी जागा बदला. ओटीवर दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात, चिऱ्याच्या कट्ट्यावर स्पीकर ठेवून बघा. खालचे सूर एकदम भरतात. पुण्यात याच्या उलट करायचं. कोपऱ्यात ठेवला तर बोदा वाजतो, म्हणून भिंतीपासून हातभर पुढे ओढावा. गादीवर किंवा सोफ्यावर नको. रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर तर मुळीच नको, स्पीकरपेक्षा डबाच जास्त वाजतो.

प्रश्न: रियाझासाठी तानपुऱ्याचं ॲप लावतो. छोट्या स्पीकरवर खर्ज येतो का?

काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झ, त्याची खर्जाची तार ६९ च्या आसपास. तळहातावर मावणारे स्पीकर त्याच्या आधीच दम सोडतात. तरी खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण त्या तारेचे वरचे स्वरांश स्पीकर नीट देतो आणि खालचा मूळ सूर आपला कान स्वतःच भरून काढतो. रियाझाला एवढं चालतं. तबल्याच्या डग्ग्याची घुमारी मात्र कान भरून काढत नाही. तिथे लहान स्पीकर उघडा पडतो.

प्रश्न: दोन्ही घरचे दोन स्पीकर एकत्र आणून एकदम वाजवता येतील?

दोन्ही अगदी एकाच मॉडेलचे असतील तर बहुधा येतील. एकाच कंपनीचे असणं पुरत नाही. जेबीएलचंच घ्या: फ्लिप ४ कनेक्ट प्लसवर, फ्लिप ५ आणि ६ पार्टीबूस्टवर, फ्लिप ७ ऑराकास्टवर, आणि या तिन्ही पद्धतींना एकमेकांची भाषा येत नाही. हाच विचार करून दुसरा घेणार असाल तर जुन्याच्या तळावरचं मॉडेलचं नाव वाचून मग दुकानात जा.

प्रश्न: टीव्हीला जोडला की ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो.

ब्लूटूथवर आवाज पोचायला सेकंदाचा काही हिस्सा जातो. ३.५ मिमीच्या तोंडाची साधी ऑक्स केबल लावा. नव्या स्पीकरमधून हे तोंड नाहीसं होत चाललंय; घेताना बघून घ्या.

प्रश्न: रात्री किती वाजेपर्यंत लावावा?

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल म्हणतात; रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. खासगी जागेतल्या यंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाऊ नये, असंही त्यात आहे. सोसायटीत हे शेजारी आठवण करून देतात. गावी कुणी बोलत नाही, पण रात्री पावणेदहाला वाडीत इतकी शांतता असते की तुमचं गाणं तिसऱ्या घरात शब्दासकट कळतं. आणि आरतीला स्पीकर लावू नका हो. झांजा आहेत, माणसं आहेत.

प्रश्न: आईला फोन जोडणं जमत नाही. तिच्यासाठी काय घ्यावं?

बटणांचा. सारेगामाचा कारवां मराठी गाण्यांचाही मिळतो. चाक फिरवलं की गाणी लागतात, शिवाय रेडिओ आणि पेनड्राइव्ह. तो नको असेल तर पेनड्राइव्ह घेणारा कुठलाही, ज्याला चालू-बंदचं बटण हाताला वेगळं लागतं. आमच्या आईच्या स्पीकरवर चालू करायच्या बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे आणि पेनड्राइव्ह कधीच काढायचा नाही असं ठरलंय. तिच्या पेनड्राइव्हमध्ये फोल्डर दोनच: 'सकाळ' आणि 'दुपार'. संध्याकाळी ती मालिका बघते.

काही स्पीकर पंधरा-वीस मिनिटं आवाज नसला की आपोआप बंद पडतात. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर "बिघडला गो" म्हणून फोन येतो.

प्रश्न: विमानाने नेता येतो का?

हो, हातातल्या बॅगेत न्या. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला केबिनमध्ये सहसा अडचण नसते आणि हातात धरून नेण्याजोगे स्पीकर त्याच्या कितीतरी आत असतात. सामानात टाकायचाच असेल तर पूर्ण बंद करून टाका.

प्रश्न: आणि स्पीकरच दुसऱ्या घरी विसरला तर?

शेजाऱ्यांकडे किल्ली असेल तर त्यांना तो बंद आहे का बघायला सांगा. दोन वर्षांपूर्वी आमचा ओटीवरच्या खुंटीला तसाच राहिला होता. शेजारच्या काकूंनी तो घरी नेला, वापरला आणि पुढच्या खेपेला परत दिला तो पूर्ण चार्ज करून, कोकमाच्या पिशवीबरोबर. त्यांच्या नातवाचा फोन अजून त्याच्या यादीत आहे. तो तेवढा पुसायचा राहिलाय.